मांजराचा कान हलेपर्यंत

कुत्र्याच्या घशातली नळी काढणं सोपं. ऑपरेशन झालं, भुलीचा गॅस बंद केला, की थोड्या वेळाने कुत्रा स्वतःच घोट गिळतो, खोकतो आणि ‘काढा हे एकदाचं’ अशा नजरेने आपल्याकडे बघतो. मग काढायची. मांजराचं तसं नाही. मांजराचा घसा भारी मानी. नळी आत असताना मांजराला पुरती जाग आली, तर तो घसा इतका चिडतो की स्वतःचं दारच लावून घेतो. मग नळी काढूनही हवा आत जायला वाट उरत नाही. बरं, घाई करून आधीच काढावी, तर मांजर अजून इतक्या गाढ झोपेत असतं की श्वासाची वाट त्याला राखता येत नाही. म्हणजे जाग येऊ लागलेली हवी, पण आलेली नको.

हा मधला क्षण मी कानावरून ओळखते. मांजराच्या कानात बारीक, मऊ केस असतात. त्यांना बोटाचं टोक हळूच लावायचं. आधी काहीच होत नाही, पुन्हा लावलं तरी काही होत नाही. मग कधीतरी कान झटकतो, माशी बसल्यावर झटकतो तसा. पापणी जराशी मिटते, जिभेचं टोक आत ओढलं जातं. झालं. एका हाताने मान सरळ, दुसऱ्या हाताने नळी बाहेर, घशाच्या वळणावळणाने, जराही हिसका न देता. इतकी वर्षं हे करते आहे, पण कान हलतो तेव्हा अजूनही मला आतून हसू फुटतं. परत आली बया, असं वाटतं.

माझा दवाखाना रायपूरच्या समता कॉलोनीत आहे. खाली बेकरी, वर मी. मदतीला बीरगांवहून येणारे एक भैया असतात. आधी कारखान्यात होते, तिथल्या आवाजाला कंटाळून माझ्याकडे आले आणि इथे कुत्र्यांच्या भुंकण्यात रमले. मला कॉलोनीत ‘गुस्सेवाली मैडम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ते खोटं नाही. माझे नियम कडक आहेत, आणि त्यातला सगळ्यात कडक नियम हा की ऑपरेशनच्या खोलीत जनावराच्या माणसांनी यायचं नाही. रडायचं ते बाहेर बाकावर बसून रडावं. त्यावरून किती तरी लोकांशी माझं वाजलं आहे. पण हा नियम मी मोडला, आणि मोडला तोही माझ्या सासूबाईंसाठी, त्याची ही गोष्ट.

सासूबाईंना मी आई म्हणते. माझं माहेर रायपूरचंच, मराठ्यांच्या राज्यापासून इथे मुरलेलं. आई मात्र वर्ध्याकडच्या. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रेल्वेच्या नोकरीमागे लग्न होऊन इकडे आल्या. माझं बोलणं ऐकून पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, “तुमच्या रायपूरची मराठी म्हंजे हिंदीले लुगडं नेसवलं.” माझ्या धंद्याबद्दलही त्यांचं मत स्पष्ट होतं. “कुत्र्यामांजरायची डॉक्टरीण” असं त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि सांगताना सुस्कारा टाकायच्या. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत मांजर आडवं गेलं की आई पाच पावलं मागे यायच्या आणि दुसरं कोणी पुढे जाईपर्यंत उभ्या राहायच्या. बऱ्याचदा ते दुसरं कोणी म्हणजे मी असायचे. “जा तू, तुले तं सवय हाय त्यायची.”

त्यांचा आणखी एक नेम होता. घरातून महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय त्या त्याला उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात तपासणी असो की मुलीचा पेपर, वाटी तयार. मुलगी “दादी, लेट हो रहा है” करत पायात बूट घालायची आणि हात मागे पसरायची. मी तेवढी निसटायचे. “आई, मी रोजच्या कामाला जाते, लढाईला नाही,” असं म्हणून स्कूटर चालू करायचे.

मग बाबा गेले. छातीचा आजार बळावला, एका सकाळी धाप लागली, ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात घशात नळी घालून त्यांना मशीनवर ठेवलं. आई बाहेरच्या बाकावर. मला डॉक्टर म्हणून आत सोडायचे, कुठली डॉक्टर हे तिथे कोणी विचारलं नाही. शेवटी मशीनने काही होईना. बाबा गेले, तेव्हा मी आत होते. पण मी ते सांगायच्या आधीच, आतून धावत आलेल्या कोणीतरी बाकाजवळून जाताना म्हटलं होतं, “अब ट्यूब निकाल रहे हैं.” मी बाहेर आले तेव्हा आई उठून उभ्या होत्या. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या होत्या, पदर नीट खांद्यावर घेतला होता. मला म्हणाल्या, “नळी काढून राहिले ना? आता बोलतीन ना ते?”

त्यानंतर आमच्या घरातून नळी हा शब्दच गेला. गॅसच्या नळीलाही आई पाईप म्हणायला लागल्या. आत काय झालं ते त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. विचारतील तेव्हा सांगू, असं मनात ठेवून मी माझ्या कामाला लागले. आई बोलायच्याच कमी झाल्या. “जेवली?” “हो.” “आली?” “हो.” एवढंच चालायचं आमचं.

अशात गच्चीच्या जिन्यावर एक राखाडी पट्ट्यांची मांजरी येऊन बसायला लागली. आईंनी तिला आधी हाकललं. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाकललं. मग मी एकदा घरी आले तो जिन्यावरून आईंचा आवाज येत होता, मोठा, खणखणीत, कितीतरी दिवसांत न ऐकलेला. “काय वं बये, तुले दुसरं घर नाही काय? सारा पारा-मोहल्ला सोडून इथंच काहून मरायले येतं?” आणि हे म्हणताना बशीत दूध ओतणं चालू होतं. मी चपला हातात घेऊन खालीच उभी राहिले. मला रडूच आलं. आमच्याशी दोन शब्दांवर न जाणारी बाई मांजराशी मनसोक्त भांडत होती. त्या दिवशी मी त्या मांजरीला मनोमन हात जोडले. आडवं जाण्याची गोष्ट पुन्हा घरात निघाली नाही.

मागच्या मे महिन्यात ती मांजरी आजारी पडली. खाईना, कोपऱ्यात बसून राही, पोट तटतटलेलं. मी हात लावला आणि काय ते कळलं. गर्भपिशवीत पू झाला होता. पिशवी काढल्याशिवाय जगणार नव्हती. वय झालेलं, त्यात ताप. आईंना मी सरळ सांगितलं, मला गोडगोड बोलता येत नाही. उद्या सकाळी ऑपरेशन, तोवर पोटात काही जाता कामा नये, फक्त पाणी.

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “तिले बी नळी घालशीन?”

तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मीच दचकले. म्हटलं, “घालावी लागते, आई. पण आम्ही काढायसाठीच घालतो.”

त्यांना माझं म्हणणं पटलं नव्हतं. त्यांनी बघितलेली एकच नळी, आणि ती काढल्यावर माणूस बोललं नव्हतं.

सकाळी तयारीसाठी मी स्कूटरवर पुढे गेले. आई मागून ई-रिक्षाने आल्या, झाकणाच्या टोपलीत मांजरी, टोपलीवर त्यांचा हात. भैयांनी टोपली आत घेतली आणि आई बाकावर बसल्या. मी दार लावलं.

ऑपरेशन नीट झालं. मे महिन्यातल्या रायपुरात कूलर बंद ठेवून काम करायचं म्हणजे काय ते करणाऱ्यालाच ठाऊक, पण भुलीतलं जनावर लवकर गार पडतं, त्यामुळे त्याला ऊब आणि आम्हाला घाम. पिशवी निघाली, टाके झाले. मी गॅस बंद केला, नुसता ऑक्सिजन ठेवला. श्वास छान चालला होता. मी खुशीत होते. दार अर्धं उघडून म्हटलं, “झालं, आई. चांगलं झालं. आता नळी काढते.”

आई उठल्या. त्यांचा हात आपोआप निऱ्यांकडे गेला, आणि तिथेच थांबला.

“थांब वं,” त्या म्हणाल्या. “काढू नको. मी तिले दही चाटवलं.”

मला आधी कळेचना. “काय चाटवलं?”

“दही-साखर. निंगताना. तू पुढं निंगून गेली होती. थोडंसंच देल्लं बोटावर, पण तिनं मंग वाटीत तोंड घातलं. चांगलं चाटलं.”

मी चिडले की माझी मराठी पळून जाते. “हद करती हैं आप!” मी म्हणाले, आणि खालच्या बेकरीपर्यंत ऐकू गेलं असेल असं म्हणाले. पोट रिकामं ठेवा हे मी रस्त्यावरच्या माणसालाही हात जोडून सांगते, लिहून देते, आणि माझ्याच घरात वाटी घेऊन दहीकाला चालू! भुलीतून उठताना पोटातलं वर आलं आणि श्वासनळीत गेलं, तर ऑपरेशन चांगलं होऊन काय उपयोग? हे सगळं मी त्यांना ऐकवलं. भैया कोपऱ्यात कापूस मोजल्यासारखं करत होते.

आईंनी ऐकून घेतलं. एरवी त्या माझं एक ऐकून दोन सुनावणाऱ्या. मग हळूच म्हणाल्या, “त्यायले नेलं तवा गडबडीत राहूनच गेलं. वाटी हातात होती माह्या. गाडीवाल्यानं दार लावलं.”

माझा राग कुठे गेला, मला माहीत नाही. मी दारात उभी होते, हातात मोजे, मागे मांजरी, आणि पुढे ही बाई पुन्हा एकदा बाकाजवळ उभी होती. सकाळी टोपलीत शिरणाऱ्या मांजरीपुढे वाटी धरताना त्या काय करत होत्या ते मला आत्ता कळत होतं. दार लावून त्यांना दुसऱ्यांदा तसंच बाकावर बसवायचं माझ्याने होईना.

“हात धुऊन आत या,” मी म्हणाले.

भैयांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच भुलीत आहे. मग मुकाट्याने स्टूल सरकवलं.

आई आत आल्या आणि मांजरीला बघून थबकल्या. पोटावरचे केस काढलेले, जीभ बाहेर ओढलेली, तोंडातून नळी निघालेली आणि ती कानांमागून फितीने बांधलेली. मी त्यांना बघू दिलं, आणि हात चालू ठेवले. तोंड उताराला केलं, म्हणजे काही वर आलंच तर बाहेर सांडेल. चिमट्यात कापूस धरून घशाचा मागचा भाग पुसला, बॅटरी मारून पाहिलं. दही नव्हतं. पण म्हणून ते येणार नाही असं नव्हतं. दह्यामुळे नळी जितकी जास्त वेळ ठेवता येईल तितकी बरी, कारण तिच्या टोकाशी असलेला छोटा फुगा श्वासाची वाट राखून असतो. आणि मांजराच्या त्या मानी घशापायी जितकी लवकर काढता येईल तितकी बरी. माझ्या रोजच्या मधल्या क्षणाची जागा आज अगदीच चिंचोळी झाली होती. हे मी आईंना शब्दाशब्दाने सांगितलं. घाबरवायला नाही. त्या आत होत्या, तर त्यांना कळायला हवं होतं.

मी फीत सोडली आणि कानाला बोट लावलं. काही नाही.

“काय करून राहिली?” आईंनी विचारलं.

“कान बघते. कान हलला की समजायचं, परत येऊन राहिली. तेव्हाच काढायची. हाक मारा तुम्ही.”

“म्हंजे काय म्हनू?”

“रोज म्हणता तेच.”

आई वाकल्या. “काय वं बये,” त्या म्हणाल्या, आणि आवाज चिरकला. त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. “काय वं बये, किती झोपशीन? ऊन डोक्यावर आलं. तिकडं जिन्यावर तो काळा बोका येऊन बसला असंन तुह्या जागेवर. घर त्याचं करून देतं काय? ऊठ.”

मी बोट लावलं. काही नाही. श्वास चालूच होता, आता जरा उथळ. भैया त्यांच्या छत्तीसगढीत आईंना म्हणाले, “बोलत रहव दाई, बोलत रहव.”

आई बोलत राहिल्या. दूध महाग झाल्याचं सांगितलं, माझ्या रागाची चुगली केली, नातीला मराठी बोलायला लाज वाटते याची तक्रार केली. मी त्या बोलण्याखाली पुन्हा बोट लावलं, आणि कान झटकला. जिभेचं टोक आत गेलं. मी आणखी किंचित थांबले, दह्यापायी. घशाशी घोट येऊ लागल्यासारखं हललं, तशी फुग्यातली हवा सिरिंजने काढली आणि नळी बाहेर ओढून घेतली.

छाती हलली नाही. मी तिची मान सरळ केली, जीभ पुढे ओढली, ऑक्सिजनचा मास्क तोंडाशी धरला. घशातून बारीक शिटीसारखा आवाज आला आणि तुटला. मला माहीत होतं की घाबरायची वेळ अजून आलेली नाही, आणि तरी मी घाबरले होते. माझ्या दंडावर कोणाची तरी बोटं रुतली होती. आई धरून होत्या.

मग छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली.

“चलत हे मैडम,” भैया म्हणाले. “साँस चलत हे.”

मांजरीने डोकं उचललं, ते धरवेना म्हणून टेबलावर टेकवलं, आणि आमच्याकडे बघून तोंड उघडलं. आवाज निघालाच नाही, नुसती हवा आली. नळीमुळे घसा बसला होता. पण तिला जे काय सुनावायचं होतं ते तिने पूर्ण सुनावलं.

आई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. माझ्या खोलीत रडायचं नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.

दुपारी दवाखाना रिकामा झाला. भैया डबा खायला गेले. आई स्टुलावरच होत्या, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मांजरी. मी त्यांना चहा दिला. त्यांनी विचारलं, दही पुन्हा कधी देता येईल. मी म्हटलं, पुन्हा दह्याचं नाव काढाल तर तुम्हालाच टाके घालीन. त्या बरं म्हणाल्या. चहा संपवला. मग मांजरीकडे बघतच म्हणाल्या,

“त्यायची काढली तवा तू आत होती.”

“हो.”

“हाक मारली होती कोणी?”

“मी मारली, आई. बाबा, बाबा म्हणून.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ मांजरीच्या पाठीवरून हात फिरत राहिला. “आन् कानाले?”

मला वाटलं होतं ते मी कोणालाच कधी सांगणार नाही. माणसाच्या दवाखान्यात, सगळं संपल्यावर, एवढ्या मशिनींच्या मधोमध उभं राहून मी सवयीने जे केलं होतं, ते सांगायला वेड्यासारखं वाटतं. “लावलं होतं बोट,” मी म्हणाले.

“हालला?”

“नाही, आई.”

“नीट पाह्यलं होतं ना तू?”

“नीट पाहिलं. दोन्ही कान पाहिले.”

“दोनी?”

“दोन्ही.”

आईंनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. “मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “आपलं मानूस होतं तिथं.” मग त्यांनी एक बोट मांजरीच्या कानाला हळूच लावलं, सकाळी मला लावताना बघितलं होतं तसं. मांजरीने झोपेतच वैतागून कान झटकला.

“हालला वं,” आई मला म्हणाल्या.